हळदीकुंकवाची फाइल

नंदाबाईचं कोणतंही वाक्य पूर्णविरामावर थांबत नसे. ते "हाव का न्हाई?"वर थांबे. "आज ऊन लई हे, हाव का न्हाई?" "शेळी गाभण हे, हाव का न्हाई?" समोरच्यानं "हाव" म्हटल्याशिवाय ती पुढच्या वाक्याला हातच लावायची नाही. वस्तीवरच्या पोरी तिची नक्कल करायच्या. पदर डोक्यावर, एक हात कंबरेवर आणि पाठ वाकलेली. त्यातली पाठ महत्त्वाची. चाळिशीतली बाई सत्तरीतल्यासारखी वाकून चालायची, आणि ते वाकणं जमल्याशिवाय नक्कल बराबर बसत नसे.

वडीगोद्रीपासून आत सात किलोमीटरवर ही वस्ती. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागायची आणि माणसं ऊसतोडीला निघायची, ती उन्हाळ्यात परत. नंदाबाईनंही लग्नापासून ऊस तोडला, नवरा कचरू होता तोवर. कचरू गेला, त्याच्यामागं कंबरही गेली, मग तोडीला मुलगा कल्याण आणि सून शालू जायला लागले. तोडीच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक माणूस कमी पडलं की मुकादम राधेश्याम फोनवर ओरडायचा, "मला पुरा कोयता पायजे भाऊ! अर्ध्या कोयत्यानं काय दाढी करू का?"

दर बुधवारी दुपारी अकबरबीच्या पत्र्याच्या शेडात बायकांचा गट बसायचा. बचतीसाठी सुरू झालेला हा गट दोन वर्षांमागं वाचायला लागला, तो अकबरबीच्या नातीमुळं. आयेशा बारावी झालेली, एकोणीस वर्षांची, बोलायला मऊ आणि शिकवायला खडूस. एका संस्थेनं वीस पातळ पुस्तकं दिली होती. सतरा पुस्तकं बायकांनी संपवली, तीन शेळीनं.

"लेव, बकरी बी साक्षर हो गई," अकबरबी म्हणाली होती.

पुस्तकं संपल्यावर आयेशानं नवा नियम काढला. "ज्या कागदावर तुमचं नाव हे, असा एक कागद घरातून आणायचा. तोच वाचायचा. मोठ्यानं, बोट ठेवून. नाव सापडलं की बाकीच्यांनी बांगड्या वाजवायच्या."

मग काय, घराघरातल्या पेट्या उघडल्या. लाइटबिलं आली, रेशनकार्डं आली. नंदाबाईनं मोठ्या थाटात भाच्याची लग्नपत्रिका आणली. छत्तीस नावं वाचून झाली. चुलते, मावसे, मेहुणे, गावचे पाटील, इतकंच काय, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारं सहा महिन्यांचं पोर. नंदाबाई कुठंच नाही.

"शंभर मानसांच्या पोळ्या लाटल्या म्या," ती पत्रिका उलटी-सुलटी करत म्हणाली, "आन माझं नाव न्हाई. ज्याला अजून बोलता येईना ते आवतन देऊन राह्यलंय. हाव का न्हाई?"

"हाव," सगळ्या म्हणाल्या, आणि शेजारीण मीना हसून हसून खांबाला टेकली. त्या बुधवारी बांगड्या वाजल्या नाहीत, पण हसू मात्र पार रस्त्यापर्यंत गेलं.

ही भाद्रपद अर्धा झाला तेव्हाची गोष्ट. त्याच दिवसांत शालूचं दुखणं निघालं होतं. पोटात कळ, अंगावरून पांढरं जाणं, पाळी आली की आठ-आठ दिवस जाणं. बावीस वर्षांची पोर, पदरात अडीच वर्षांची अक्षता. कल्याणनं तिला शहरात मोठ्या रोडवरच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तोंडानं कमी आणि पेनानं जास्त बोलायचा. टेबलावर टक. "पिशवीला सूज हे." टक. "ठेवली तर कॅन्सर." टक. "काढली की मोकळी." आणि शुक्रवारची तारीख लिहून दिली.

घरी आल्यावर कल्याण म्हणाला, "दसऱ्याच्या आधी टाके सुकतील. राधेश्यामबी म्हनला, काढूनच टाक, तोडीला गेल्यावर दर महिन्याचा खाडा न्हाई पडायचा."

शालू सासूजवळ येऊन बसली. "आत्याबाई, मला भेव वाटून राह्यलं. दुसरीकडं दाखवून पाहावं का?"

"येडी का तू?" नंदाबाई म्हणाली. "मी न्हाई का काढली? हाच डॉक्टर. माझंबी असंच दुखायचं. यानं ठेवलं मला म्हनून दिसून राह्यले तुला. हाव का न्हाई?"

ती उगाच धीर देत नव्हती, तिचा तसा विश्वास होता. पंधरा वर्षांपूर्वी त्याच टेबलावर तिच्यासाठीही तीनदा टकटक झालं होतं. तेव्हापासून ती मंगळवार धरायची, त्या डॉक्टरच्या नावानं. दहाव्या दिवशी घरी येताना कंपाउंडरनं हिरवी फाइल तिच्या हातात दिली होती. "मावशी, जपून ठेवा, लई महत्त्वाचे कागद हेत." मग नंदाबाईनं ती जपली, म्हणजे कशी, तर दसऱ्याला कोयता, विळे आणि पोराची पाटी पुजायला मांडली की त्यांच्या शेजारी ती फाइलही मांडायची. आधी झेंडूचं फूल, मग हळद, मग कुंकू. पुठ्ठ्यावर लाल-पिवळा थर चढला होता. जीव वाचवणारा कागद, त्याला पुजायचा नाही तर कशाला? वाचायचा असतो हे तिच्या मनातही आलं नव्हतं, कारण तेव्हा तिला वाचताच येत नव्हतं.

आणि पुजून ती थांबली नव्हती. वस्तीत कुणाचं पोट दुखलं की बाया नंदाबाईकडं यायच्या, अनुभवी बाई म्हणून. ती त्यांना घेऊन जायची, बाकड्यावर हात धरून बसायची, "मुंगी चावल्यावानी वाटतं" म्हणून सांगायची. अशा पाच जणी नेल्या तिनं. त्यातली एक मीना. एक आयेशाची अम्मी.

शालू रडायची थांबेना तेव्हा नंदाबाईला युक्ती सुचली. "थांब. या बुधवारी मी माझी फाइलच वाचते गटात. माझा आजार किती मोठा व्हता ते लिव्हलेलं असंल त्यात. तू कानानं ऐक, मंग शुक्रवारी हसत जाशील."

बुधवारी ती फाइल पदरात गुंडाळून आली. पाट मागितला, फाइल पाटावर ठेवली, आधी नमस्कार केला. अकबरबीनं लांबून डोळे बारीक केले. "अगे, पढ़ने को लाई क्या आरती करने को?"

नंदाबाईनं बोट ठेवलं. "सं-म-ती प-त्र. संमतीपत्र. रु-ग्णा-चे नाव. नंदाबाई कचरू..."

बांगड्या वाजल्या. नंदाबाई हसली, शालूकडं बघून मान हलवली, आणि बोट पुढं सरकलं.

"वय. तीन... आठ. अडतीस."

बोट थांबलं.

"अडतीस? पंधरा वर्षांमागं?" तिनं आयेशाकडं कागद धरला. आयेशानं बघितलं. अडतीसच होतं.

"मंग आत्ता किती गं?"

मीनानं बोटांची पेरं मोजली. "त्रेपन्न."

"त्रेपन्न! माझी माय आत्ता साठीची. म्हंजे ती सातव्या वर्षीच व्याली मला, हाव का न्हाई?"

सगळ्या खो-खो हसल्या. नंदाबाईही हसली. हसता हसता तिनं पुन्हा आकड्याकडं पाहिलं आणि तिचं हसू आधी थांबलं. "मी पंचवीसची व्हते," ती म्हणाली. "कल्याण तिसरीत व्हता."

"चुकलं असेल, चाची," आयेशा म्हणाली. "पुढं वाचा."

"माझ्या आ-जा-रा-ची, श-स्त्र-क्रि-ये-ची व इतर उप-चा-रां-ची माहिती मला माझ्या भाषेत सम-जा-वून सांगितली आहे. सदर मजकूर मी स्व-तः... स्वतः वाचून..."

ती पुन्हा मागं आली. "स्वतः वाचून." खाली निळ्या शाईचा अंगठा होता. तिचाच. तिनं आपला अंगठा त्याच्याशेजारी ठेवून पाहिला.

"पंद्रा साल पहले तू पढ़ती थी?" अकबरबी म्हणाली. "बताई नहीं हमको." पण कुणी हसलं नाही, आणि अकबरबीनं स्वतःच मान खाली घातली.

मागची दोन पानं एकमेकांना चिकटली होती. वर्षानुवर्षांची ओली हळद आत झिरपून खळ झाली होती. आयेशानं नखानं हळूहळू सोडवली. आतलं पान इंग्रजी होतं. ऑपरेशननंतर आठ दिवसांची तारीख, तपासणीसाठी पाठवलेल्या पिशवीचा रिपोर्ट. त्यातले शब्द आयेशालाही जड होते. तिनं फोन काढला, पानाचा फोटो घेतला आणि मराठीचं बटण दाबलं.

फोनमधली बाई बोलायला लागली. तिचा आवाज बसस्टँडवर गाडी लागल्याचं सांगणाऱ्या बाईसारखा, गोड आणि कुणाचीच नसलेला. "गर्भाशयाचा आकार सामान्य आहे. काढलेली दोन्ही अंडाशये सामान्य आहेत. कर्करोगाची कोणतीही लक्षणे आढळली नाहीत."

"अजून एकदा लाव," नंदाबाई म्हणाली.

बाईनं तितक्याच गोडीनं पुन्हा सांगितलं.

"म्हंजे बरी व्हती?"

आयेशानं होकारार्थी मान हलवली. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नख्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. नंदाबाईचा हात आपोआप कंबरेवर गेला. सव्विसाव्या वर्षी अंगातून निघालेल्या वाफा, तिसाव्या वर्षी आखडलेले गुडघे, चौतिसाव्या वर्षी वाकलेली पाठ. कचरूला एक पोरगी हवी होती, तो कधी बोलला नाही, नुसतं दुसऱ्यांच्या पोरींना खांद्यावर घ्यायचा. हे सगळं आपण जिवाच्या बदल्यात दिलं असं ती धरून चालली होती, आणि सौदा स्वस्तात पडला म्हणून मंगळवार धरत होती.

तिनं मीनाकडं पाहिलं. मीना उठून उभी राहिली होती.

"शेळ्या सोडायच्या हेत मला," मीना म्हणाली आणि गेली. मीनाच्या घरी शेळ्या नव्हत्या.

आयेशानं हळूच विचारलं, "दादी, अम्मीची फाइल कुठं हे?"

"चूल्हे में गई. कब की," अकबरबी म्हणाली. "पानी गरम करने को."

नंदाबाईनं फाइल पुन्हा पदरात गुंडाळली. त्या दुपारी तिनं कुणालाच "हाव का न्हाई?" विचारलं नाही.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधी तिनं कल्याणला सगळं वाचून दाखवलं. तो चुलीजवळ उकिडवा बसून ऐकत होता. वाईट पोरगा नव्हता तो. घाबरलेला होता.

"आई, तुझा कागद जुना. हिचा आजार नवा," तो म्हणाला. "तुझं न्हवतं म्हनून हिचं न्हाई, असं कुठं लिव्हलंय? उद्या हिला कॅन्सर निघाला तर? अक्षताला कोन बघंल? तू?"

नंदाबाईनं पानं पुन्हा चाळली. याचं उत्तर फाइलीत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"शुक्रवारी जायाचं म्हंजे जायाचं," कल्याण म्हणाला.

शुक्रवारी तिघं गेली. शालू मध्ये, मागं नंदाबाई, मोटारसायकल कण्हत होती. दवाखान्यात बाकडी गच्च भरलेली, सगळ्या बायका, बहुतेक तरुण. काउंटरवरची पोरगी मान वर न करता कागद सरकवायची आणि पेनाच्या टोकानं जागा दाखवायची. "ताई, इथं सही. इथं. इथं. आन मागं एक."

शालू सातवी शिकलेली. सही तिला कधीपासून येत होती. तिनं पेन उचललं.

"वाच," नंदाबाई मागून म्हणाली.

"इथं?"

"बुधवारी वाचतो तसं. बोट ठेवून."

"आई, आता तमाशा नको," कल्याण म्हणाला. शालूचं बोट कागदावर टेकलं होतं. तिचा आवाज आधी पेन्सिलीच्या रेघेएवढा होता. नाव वाचलं. मग, "वय पस्तीस."

ती थांबली. "माझं वय बावीस हे."

"कॉम्प्युटरला तसंच घ्यावं लागतं हो," काउंटरवाली म्हणाली. "तेवढ्यानं काय होतं?"

शालू पुढं वाचायला लागली, आणि आवाज मोठा होत गेला, कारण गटात हळू वाचलं की अकबरबी "किसको सुना रही, चींटी को?" म्हणायची. बाकड्यावरच्या बायका वळल्या. कुणीतरी विचारलं, "काय वाचून राह्यली गं ती?" दुसरी म्हणाली, "आपल्यालाबी दिलेला कागद हे तो." शालू 'इतर उपचार' या शब्दांपाशी आली.

"इतर उपचार मंजी कोनते?"

"ते डॉक्टरला विचारा."

"मंग विचारते. मंग सही करते." तिनं पेनाला टोपण लावलं. टोपण दोनदा चुकलं.

अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आला. कागद पाहिला, शालूकडं पाहिलं, नंदाबाईकडं पाहिलं. पंधरा वर्षं जिनं त्याच्या नावानं उपास केला, ती त्याला ओळखू आली नाही. त्यानं काउंटरवर पेन आपटलं. टक. "वाचत बसायचं तर घरी बसा." टक. "इथं पेशंट हेत. नेक्स्ट."

नेक्स्ट होती ती बाई उठली. कोवळी होती, हातात चुडा. ती आत गेली. बाकीच्याही आपापल्या जागी वळून बसल्या.

कल्याणनं मोटारसायकलला लाथ मारली आणि दोघींना तिथंच सोडून गेला. सासू-सुना विचारत विचारत सरकारी दवाखान्यात गेल्या, चार तास रांगेत उभ्या राहिल्या. तिथल्या बाई डॉक्टरांनी तपासलं, त्या चिडक्या आवाजात म्हणाल्या, "जंतुसंसर्ग आहे. अंगात रक्त नाही. चौदा दिवस गोळ्या, मग परत या, मग सोनोग्राफी. पस्तिशीच्या आत पिशवी कोणी काढायला सांगितली?" शालूनं चिठ्ठीवरची गोळ्यांची नावं वाचली आणि एस. टी.त बसल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

पण चौदा दिवस, मग परत, मग सोनोग्राफी, एवढ्यात दसरा आला. राधेश्यामचा ट्रॅक्टर चावडीपाशी लागला. अर्ध्या कोयत्याला त्यात जागा नव्हती, आणि कल्याण आठ दिवस घरात कुणाशी बोलत नव्हता.

"मी येते," नंदाबाई म्हणाली.

राधेश्याम तिला बघून हसला. "ही? ही तर आधीच मोळी बांधल्यावानी वाकलेली हे."

"काम वाकायचंच हे ना?" नंदाबाई म्हणाली. "मंग मी तयारच हे."

दसऱ्याच्या सकाळी तिनं कोयता पुजला. विळा पुजला. अक्षतासाठी नवी पाटी आणली होती, तीही पुजली. शालू हळदीची वाटी घेऊन थांबली. "आत्याबाई, फाइल?"

"पुजून पंधरा वर्षं गेली," नंदाबाईनं फाइल सुनेच्या हातात दिली. "बुधवारी नेत जा. येतील त्यांना वाचून दाखव."

बुधवारी पूर्वी चौदा जणी यायच्या. आता चार येत होत्या. बाकीच्यांना कुणाला काम होतं, कुणाला शेळ्या होत्या.

ट्रॅक्टर निघाला तेव्हा ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि त्यावर माणसं. नवरे पुढं बसले होते. मीनाही चालली होती, नवरा संपतबरोबर. त्या बुधवारपासून तिनं नंदाबाईकडं नजर वर करून पाहिलं नव्हतं. वडीगोद्री मागं पडली, मोठा रस्ता लागला, तेव्हा ती सरकत सरकत जवळ आली. पदराआडून तिनं एक हिरवी फाइल काढली. हिच्यावरही हळदकुंकू होतं. नंदाबाईचं पाहूनच तिनंही पुजायला घेतली होती.

"सगळी नको वाचू," मीना म्हणाली. "वय तेवढं सांग. बाकीचं न्हाई ऐकायचं मला."

वय मीनाला स्वतःलाही वाचता आलं असतं. नंदाबाईनं फाइल उघडली. ट्रॉली हिसके देत होती, बोट आकड्यावर ठरत नव्हतं. तिनं दुसऱ्या हातानं बोट धरलं.

"एकोणचाळीस," ती म्हणाली.

मीना तेव्हा चोवीस वर्षांची होती. पोट दुखत होतं म्हणून रडत होती, आणि नंदाबाईनं तिचा हात धरला होता.

मीनानं फाइल मिटली. मागं पळणाऱ्या रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मंग ती मी न्हाईच. दुसऱ्याच कोनाची फाइल दिली त्याहिनं मला."



मीनानं नंदाबाईचा दंड धरला, घट्ट. "हाव का न्हाई?"